सर्टिफिकेट भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल

महोदय,

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका बाजारपेठेच्या गावात मी मेडिकल चालवते. डी.फार्म., म्हणजे औषधनिर्माणाची पदविका, केली आहे, कौन्सिलकडे नोंद आहे, परवान्यावर नाव माझेच आहे आणि दुकान उघडे असते तोवर काउंटरमागे मीच असते. यातली शेवटची गोष्ट वेगळी सांगावी लागते, यातच आपल्या धंद्याचे दुखणे आले.

फार्मसी कायदा १९४८ चा. त्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियमही त्याच्या देखरेखीची अट घालतो. प्रत्यक्षात काय दिसते? पुण्या-मुंबईत कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाचे सर्टिफिकेट इथल्या भिंतीवर टांगलेले, त्याला महिन्याचे ठरलेले पैसे पोचतात आणि चिठ्ठी वाचायला मालकाचा भाचा. भाचा हुशार असतो, मी त्याला नावे ठेवत नाही. कुठली गोळी कुठल्या खणात हे तो डोळे मिटून सांगेल. ती किडनीच्या पेशंटला चालते का, हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते. २०१२ च्या सुमारास प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीबद्दल कडक मोहीम काढली, तेव्हा आमच्याच संघटनांनी बंदची भाषा केली होती. मला तेव्हाही ती पटली नाही, आजही पटत नाही.

पण हे पत्र केवळ हजेरीसाठी नाही. फार्मासिस्ट काउंटरवर असलाच पाहिजे, आणि असला तर त्याला फार्मासिस्टचे काम करता आले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. तपासणीत खरेदीची बिले, एच-१ यादीतल्या औषधांचे रजिस्टर, फ्रिजचे तापमान, मुदत संपलेला माल हे बघतात. बघावेच. पण औषध हातात देताना माणसाला काय सांगितले, याला कुठल्याच कागदावर रकाना नाही. आणि आमच्याकडे सगळा खेळ तिथेच असतो.

कसा, ते सांगते. आमच्या गावांत घरटी एक-दोन म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेल्या खोल्या. मुलगे मुंबईत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक बायका होत्या, त्याचे कारणही हेच. मुलगा व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवतो, पैसे फोनवरून येतात आणि आजी पिशवी घेऊन येते. अशाच एका आजींच्या पायांना सूज होती. पिशवी काउंटरवर ओतायला सांगितली. गोव्यातल्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी एक, मुलाने मुंबईला दाखवले तिथली दुसरी, आणि इथल्या डॉक्टरांनी सूज उतरायला दिलेली लघवीची तिसरी. पहिल्या दोन्हींत अॅम्लोडिपिन. नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, आत तेच. शिवाय अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांना सूज येते, डोस वाढला की जास्तच. म्हणजे एक गोळी दुप्पट जात होती आणि तिने आणलेली सूज उतरवायला आणखी एक गोळी चालू होती. यात एकाही डॉक्टरची चूक म्हणता येत नाही, कारण तिघांनीही एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहिलेल्या नव्हत्या. सगळ्या गोळ्या एकत्र दिसतात त्या फक्त मेडिकलच्या काउंटरवर.

मी गोळी बंद केली नाही, तो माझा अधिकार नाही. इथल्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी आजींना बोलावून घेतले आणि औषधे बदलली. या सगळ्यात माझी एका गोळीची विक्री कमी झाली आणि अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाची नोंद ना कायद्यात आहे, ना बिलात.

अशी प्रकरणे रोजची आहेत. मेथोट्रेक्सेट घ्या. सांधेदुखीच्या आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटून माणूस दगावू शकतो, आणि जगभर लोक याच चुकीने दगावले आहेत. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेले असते, वाचणार कोण? मी स्ट्रिपवर पेनाने मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवार’ लिहून देते आणि तेच परत म्हणून दाखवायला लावते. भाच्याला हे सुचणार नाही, आणि भिंतीवरच्या सर्टिफिकेटला तर नाहीच.

पावसाळ्यात हे काम वाढते. तरवा काढून लावणी सुरू झाली की लोक दिवसभर चिखलात आणि गुरांच्या मुतात उघड्या पायांनी उभे असतात. सिंधुदुर्गात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, तिथूनच येतो. आरोग्य विभाग जोखमीच्या गावांत डॉक्सीसायक्लिन वाटतो, ते चांगलेच आहे. पण ती गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला चिकटून जखम करते. अॅसिडिटीच्या गोळीबरोबर किंवा लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. गरोदर बाईने आणि आठ वर्षांखालच्या मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. हे चार वाक्यांचे काम आहे, पण कुणी तरी समोर उभे राहून ती चार वाक्ये बोलली पाहिजेत.

त्याहून मोठे संकट म्हणजे ‘अंगदुखीची गोळी’. जुलै-ऑगस्टात ताप आणि अंग मोडून आले की माणूस डॉक्टरकडे न जाता डायक्लोफिनॅक मागतो, कारण तिने पटकन बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मळ्यात जाता येते. तो ताप लेप्टोचा असेल तर किडनीवर आधीच भार असतो, डेंग्यूचा असेल तर रक्तस्रावाची भीती. त्या दिवसांत तापाला पॅरासिटामॉलशिवाय काही द्यायचे नाही आणि दोन दिवसांत ताप उतरला नाही, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे-लाल झाले तर सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायला सांगायचे, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून माकडतापही आहे. त्यावर तर नेमके औषधच नाही, वेळेत दवाखाना हाच उपाय. काजूच्या बागेतून किंवा रानातून आलेल्या माणसाला ताप असेल तर ‘रानात गेला होतास काय?’ हा प्रश्न गोळीपेक्षा महत्त्वाचा. साप चावलेला माणूसही आधी मेडिकलवर आणतात, ‘धनुर्वाताचा इंजेक्शन दे’ म्हणून. फुरसे चावल्यावर माझ्याकडे द्यायला काहीही नाही, १०८ लावून देणे सोडून.

असा नकार देणारे दुकान चालवणे सोपे नाही. अॅझिथ्रोमायसिन चिठ्ठीशिवाय नाही म्हटले की उत्तर तयार असते: “तू नाय दिलंस तर फुडच्या दुकानात गावतला.” आणि गावतेच. २०१३ मध्ये शेड्यूल एच-१ ही चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची जास्त कडक यादी आली. त्यातली औषधे देताना डॉक्टरचे नाव, पेशंटचे नाव आणि किती दिली हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. त्या यादीत सेफिक्झिम आहे, क्षयाची औषधे आहेत, पण सर्दी-खोकल्याला सर्रास मागितले जाणारे अॅझिथ्रोमायसिन नाही. साध्या शेड्यूल एचमध्ये असल्याने चिठ्ठी त्यालाही लागते, रजिस्टर मात्र लागत नाही, आणि जिथे रजिस्टर नाही तिथे धाक नाही. नियम सर्वांना सारखा लागला तरच प्रामाणिक दुकानदार टिकेल. नाहीतर मी गिऱ्हाईक गमावते, जंतू गोळीला सरावतात ते सरावतातच, आणि नुकसान पुढच्या दुकानाच्या गिऱ्हाइकाचेही होते.

आता पैशाचे बोलू, कारण औषध सुरक्षित असून परवडत नसेल तर माणूस ते निम्मे घेतो. आमच्याकडे हे फार चालते. तीस गोळ्यांची चिठ्ठी, मागतात दहा. किंवा रोजची गोळी एकाआड एक दिवस. रक्तदाब वाढला की डॉक्टर डोस वाढवतात, खर्च आणखी वाढतो.

स्वस्त पर्याय आहे. जनऔषधी योजना २००८ पासून आहे, आज देशभर दहा हजारांहून जास्त केंद्रे आहेत आणि तिथली औषधे बाजारभावापेक्षा ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त मिळतात असे सरकारच सांगते. पण केंद्र तालुक्याच्या गावी असते, आणि एसटीचे भाडे आणि मोडलेला दिवस धरला तर स्वस्ताई वाटेतच संपते. मग तेच काम माझ्या दुकानात का होऊ नये? कारण नियम ६५ चे ११-अ हे पोटकलम. शेड्यूल एच आणि एक्स मधले औषध चिठ्ठीत असेल तर त्याच्या बदल्यात दुसरे काहीही द्यायचे नाही, अगदी आत तेच औषध असले तरी. डॉक्टरांनी महागडा ब्रँड लिहिला आणि आजी म्हणाली “बाय, सवाय काय ता दी,” म्हणजे स्वस्त असेल ते दे, तरी कायद्याने मला ते देता येत नाही. हा नियम बनला तेव्हा हेतू चांगला असेल. आज तो औषधाच्या दर्जापेक्षा ब्रँडचे रक्षण जास्त करतो.

उलट बाजूही लिहिते, नाहीतर पत्र खोटे होईल. आमच्या धंद्यात ‘जेनेरिक’ नावाखाली वेगळाच प्रकार चालतो. नामांकित कंपन्यांचीच औषधे दुकानदाराला अगदी कमी भावात मिळतात, पण पाकिटावरची एमआरपी ब्रँडच्या तोडीची छापलेली असते. दुकानदार त्यावर मोठी सूट दिल्याचा बोर्ड लावतो, गिऱ्हाईक खूश होते आणि मधला फायदा तरी गलेलठ्ठच राहतो. गणपतीला आलेले चाकरमानी मला विचारतात, मुंबईत वीस टक्के सूट मिळते, तू का देत नाहीस? त्यांना मी सांगते, सूट बघू नका, एका गोळीची किंमत काढा. केंद्राच्या २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिली आणि त्यात दुकानदाराचा १६ टक्के नफा धरला. यादीबाहेरच्या औषधांना असा लगाम नाही. बदलीचा अधिकार फार्मासिस्टला दिला आणि हा खेळ तसाच ठेवला, तर आमच्यातलेच काही लोक पेशंटला स्वस्त पडेल ते न देता स्वतःला जास्त सुटेल ते देतील. म्हणून अधिकार आणि लगाम एकत्रच यायला हवेत.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, हा समजही काढायला हवा आणि त्यासाठी कोकणाला बाहेरचे उदाहरण शोधावे लागत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरले. ती रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विंचूदंशाने मरणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी चाळीस टक्क्यांच्या घरात होते, ते एका टक्क्यापर्यंत उतरले. जगभरच्या वैद्यकांनी दखल घेतली. गोळीची किंमत काही रुपये होती.

तर मागणी अशी. औषध, ताकद आणि प्रकार तोच असेल, पेशंटची संमती असेल आणि चिठ्ठीवर व बिलावर नोंद केली असेल, तर नोंदणीकृत फार्मासिस्टला स्वस्त पर्याय देता यावा. फिट्सचे फेनिटॉइन, रक्त पातळ करणारे वॉर्फरिन, थायरॉइडचे थायरॉक्सिन, लिथियम, किडनी बदललेल्यांची औषधे यांना यातून वगळावे, कारण तिथे ब्रँड बदलल्याचा थोडा फरकही महागात पडतो. नियम केंद्राचा आहे हे मला कळते. पण केंद्राच्या औषध सल्लागार समितीत राज्यांचे प्रतिनिधी बसतात. महाराष्ट्राने तिथे हा विषय लेखी मांडावा.

तोवर जे आज नियमात आहे तेवढे तरी करून घ्या. दुकानात किंमत यादी लोकांना दिसेल अशी लावायची असते. सुट्या गोळ्यांना पाकिटाच्या हिशेबाने जेवढी पडते त्याहून जास्त किंमत घ्यायची नसते. कोकणात निम्मी विक्री सुटीच असते, आणि स्ट्रिप कापताना बॅच नंबर व मुदत छापलेला कोपरा दुकानात राहतो की गिऱ्हाइकाकडे जातो, हे बघायला कुणाला फुरसत नसते. माझ्या मते कोपरा सगळ्यात शेवटी विकावा आणि आधीच्या गिऱ्हाइकाला बॅच व मुदत कागदी पुडीवर लिहून द्यावी. दमट हवेत सुट्या गोळ्या लवकर खराब होतात. अॅस्पिरिनच्या गोळीला व्हिनेगरचा वास आला की ती विघटित होऊ लागली असे समजायचे, हे किती घरांत माहीत असेल?

खोकल्याच्या औषधाचे प्रकरण ताजे आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या बाजूला डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने वीसहून अधिक मुले गेली. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून १४ जणांना घेऊन गेले होते, लेंटिन आयोग त्यावरच नेमला होता. एवढी वर्षे गेली, विष तेच. बाटली बघून मला भेसळ कळणार नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. पण बॅच नंबर कळला तर दहा मिनिटांत मी माल बाजूला काढू शकते, आणि बिलावरून कोणाकडे गेला तेही सांगू शकते. अशी सूचना प्रत्येक परवानाधारकाच्या मोबाइलवर थेट, मराठीत, त्याच तासाला यायला हवी. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचे सिरप द्यायचे नाही, हेही त्याच वाटेने पोचवा. आया ते मागायला येतात तेव्हा नाही म्हणणाऱ्या फार्मासिस्टच्या पाठीशी सरकारी कागद असला तर बरे पडते. औषधाचा त्रास झाल्यास कळवायचा १८००-१८०-३०२४ हा फोन क्रमांकही दुकानादुकानांत मराठीत लावावा.

किनाऱ्यासाठी एक वेगळी गोष्ट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. प्रत्येक वेळी वीज गेली आणि इन्सुलिनचा प्रश्न उभा राहिला. ते २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. चालू कुपी घरात महिनाभर टिकते, पण न उघडलेला साठा फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. दर तालुक्यात जनरेटर असलेली काही मेडिकल आणि सरकारी दवाखाने वादळापूर्वीच इन्सुलिनसाठी नेमून त्यांची यादी जाहीर करावी. पुरात भिजलेला माल पंचनामा करून नष्ट करायची सोयही हवी. विम्याची वाट बघत पडून राहिलेली भिजकी खोकी मागच्या दाराने बाजारात येऊ शकतात, हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

ऑनलाइन औषधांबद्दल लांबलचक लिहीत नाही. पार्सल घेऊन येणारा मुलगा पायांची सूज बघत नाही, एवढे पुरे. आणि मला डॉक्टर व्हायचे नाही. इंग्लंडमध्ये २०२४ पासून सात किरकोळ आजारांवर फार्मासिस्ट स्वतः औषध देतात. आपल्याकडे आज तो अधिकार दिला तर भाड्याच्या सर्टिफिकेटवाल्यांच्या हाती पडेल. आधी काउंटरवर माणूस उभा करा.

तो कुठून आणायचा? गावोगावी डी.फार्म. झालेल्या मुली लग्नानंतर घरी बसल्या आहेत, त्यांची नोंदणी नुसती नूतनीकरण होत राहते. छोट्या गावातल्या दुकानाला पूर्ण पगाराचा फार्मासिस्ट झेपत नाही, हे मालकाचे रडगाणे पुष्कळदा खरेही असते. कौन्सिलने तालुकावार यादी करून या मुलींना आणि दुकानांना जोडून द्यावे, आणि दुकानाच्या वेळा फार्मासिस्टच्या वेळांना बांधून द्याव्यात. चार तास उघडे पण माणूस जागेवर, हे दिवसभर उघड्या रिकाम्या दुकानापेक्षा मला चालेल. त्यानंतरही ज्याचे सर्टिफिकेट एका जिल्ह्यात आणि नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात सापडेल, त्याची नोंदणी रद्द करा. दुकानाला दंड लावून भागत नाही, तो दंड गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतो.

मृगाआधी सिंधुदुर्गनगरीला एक बैठक लावावी, ही विनंती. विषय तीनच ठेवा: तापाच्या दिवसांत वेदनाशामके चिठ्ठीशिवाय न देण्याचा जिल्हाभर एकच नियम, वादळातले इन्सुलिन, आणि फार्मासिस्टच्या वेळांची पाटी. डॉक्टरांच्या संघटनेलाही बोलवा, नाहीतर पहिला विषय पुढे सरकणार नाही. रविवारी दुपारनंतर ठेवलीत तर आम्हाला दुकाने बंद न ठेवता येता येईल.

आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग